जुन्या मोटारींचे ठिसूळ मज्जातंतू

एखाद्या रविवारी सकाळी शहरातून जुन्या मोटारींची मिरवणूक निघते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीची नजर चकाकणाऱ्या बंपरवर, गोलाकार मडगार्डांवर आणि नव्याने चढविलेल्या रंगावर खिळलेली असते. पत्र्याला गंज चढला तर तो दिसतो, आणि दिसतो म्हणूनच त्यावर उपायही होतो. डॅशबोर्डच्या मागे अंधारात जुडगा करून बांधलेल्या तारांकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. वस्तुतः चाळीस-पन्नास वर्षे वयाच्या मोटारीचे आयुष्य आज पत्र्यापेक्षा या तारांवर आणि बेकेलाइटच्या मूठभर तुकड्यांवर अधिक अवलंबून आहे. पोचलेला पत्रा ठोकून सरळ करणारा कारागीर अजून सापडतो. तडकलेली डिस्ट्रिब्युटर कॅप ठोकून सरळ होत नाही.

हा मूठभर श्रीमंत हौशी लोकांचा प्रश्न आहे, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. पण ते खरे नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि पुढे १९७४ साली तिलाच 'पद्मिनी' हे नाव मिळाले. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार होणारी अँबॅसडर २०१४ पर्यंत चालू राहिली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि गाडी दारात आली म्हणजे तिला हार घालून पेढे वाटावेत, अशी या गाड्यांची प्रतिष्ठा होती. त्यांतील पुष्कळ गाड्या निवृत्त शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, छोट्या व्यापाऱ्यांच्या घरी आजही झाकून ठेवलेल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळण्याला आधार होता. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही गेली. टॅक्सीबरोबर भागांची रोजची मागणी गेली, आणि मागणी नसलेला माल कोणताही दुकानदार फार काळ फळीवर ठेवीत नाही.

हे भाग ठिसूळ का होतात, हे समजल्याशिवाय त्यांच्या जागी काय बसवावे हे कळणार नाही. फार जुन्या गाड्यांतील तारांवर रबराचे आवरण आणि त्यावर सुताची वीण असे. रबर हवेतील प्राणवायूने हळूहळू कडक होते, त्याला भेगा पडतात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. नंतर आलेले पीव्हीसी हे मुळात ताठ असते. त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझर नावाच्या द्रव्यामुळे त्याला लवचिकपणा येतो. इंजिनाच्या उष्णतेने हे द्रव्य वर्षानुवर्षे उडून जाते आणि तार वाळक्या काटकीसारखी होते. तपमान दर दहा अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा विद्युत अभियंत्यांचा ठोकताळा आहे. एकाच गाडीत मागच्या दिव्याची तार शाबूत आणि इंजिनाजवळची मोडकळीस आलेली दिसते, ती यामुळेच.

बेकेलाइटची गोष्ट निराळी. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेला हा पदार्थ एकदा साच्यात घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. विजेला रोखण्याचा आणि उष्णता सोसण्याचा त्याचा गुण वादातीत आहे. पण त्याला वाकणे ठाऊक नाही, तो फक्त तडकतो. डिस्ट्रिब्युटर कॅपवर हे संकट सर्वांत लवकर येते. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये कित्येक हजार व्होल्ट होतात आणि ते या कॅपमधून चार सिलिंडरांना वाटले जातात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या या वाटेने जातात. कॅपला केसाएवढी भेग पडली आणि तिच्यात पावसाळी हवेचा ओलावा व धूळ शिरली, की वीज नेमलेली वाट सोडून भेगेतून पळते. जाताना ती मागे कोळशाची बारीक रेघ ठेवून जाते. कोळसा वीजवाहक असल्याने पुढच्या ठिणगीला तीच वाट अधिक सोपी होते. उन्हाळ्यात सुरळीत चालणारी गाडी मृगाच्या पहिल्या सरीत आचके देऊ लागते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. अशी कॅप डिंकाने चिकटविण्यात अर्थ नाही. भेग बुजते, पण कोळशाची वाट बुजत नाही.

गाडी बंद पडणे हा तोटा झाला. तारेचे आवरण गळून पडणे हा धोका आहे. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत दोनच फ्यूज असत, आणि मोठ्या दिव्यांचा व इग्निशनचा प्रवाह तर फ्यूजविनाच धावत असे. अशी उघडी पडलेली तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकली, तर बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपियर प्रवाह तिच्यात ओतते, तार लालबुंद होते आणि शेजारच्या तारांनाही पेटविते. म्हणून जुन्या गाडीला बॅटरी तोडणारा एखादा साधा खटका आणि मुख्य तारेवर एक फ्यूज बसविणे, हा अस्सलपणाचा भंग नसून शहाणपणाची पहिली पायरी आहे.

आता प्रश्न पर्यायी भाग शोधण्याचा. मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ला, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, मद्रासचे पुदुपेट, दिल्लीचे काश्मिरी गेट या बाजारांत ग्राहक बहुधा गाडीचे नाव सांगून भाग मागतो आणि तेथेच चुकतो. मोटारीचा कारखाना विजेचे भाग क्वचितच स्वतः करीत असे. ब्रिटिश गाड्यांना ते लुकास ही कंपनी पुरवी, इटालियन गाड्यांना मॅग्नेटी मारेली. भारतात १९६१ पासून लुकास-टीव्हीएस पुरवू लागली. एकच बटण वा एकच रोटर मोटारीत, व्हॅनमध्ये आणि ट्रॅक्टरमध्येही बसे. म्हणून गाडीच्या नावापेक्षा भागावर कोरलेला क्रमांक अधिक बोलका असतो. मोटारीचे दुकान 'नाही' म्हणेल. ट्रॅक्टरच्या दुकानात तोच भाग फळीवर असू शकेल.

दुसरी चूक जुन्या वेष्टनाला भुलण्याची. न उघडलेल्या खोक्यातील, मूळ कारखान्याचा शिक्का असलेला भाग मिळाला की ग्राहक दुप्पट-तिप्पट किंमत आनंदाने मोजतो. परंतु खोके बंद राहिले म्हणून काळ थांबलेला नसतो. बेकेलाइटची कॅप पन्नास वर्षे कपाटात राहूनही बहुधा कामाची राहते. पण कागद आणि धातूच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असलेला कंडेन्सर ओलावा शोषतो, रबरी बूच वाळतात, पीव्हीसी कडक होते. कोणता भाग जुना चालेल आणि कोणता नवाच हवा, हे शिक्क्यावरून नव्हे तर त्यातील द्रव्यावरून ठरवावे लागते.

तिसरी चूक आकड्यांची. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ अँपियर असे छापलेले असे. तो आकडा फ्यूज ज्या प्रवाहाला वितळेल त्याचा होता. सतत सोसण्याचा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १७ अँपियर. आजच्या बहुतेक फ्यूजवर सतत सोसण्याचा आकडा असतो. भोळेपणाने आजचा ३५ चा फ्यूज बसविणारा माणूस रक्षक बदलत नाही, त्याला झोपवतो. तीच गोष्ट ध्रुवांची. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बहुधा ऋण टोक सांगाड्याला आहे असे धरून बनविलेली असतात. न पाहता जोडली तर ती पहिल्याच क्षणी जळतात.

आणि चौथी चूक रंगांची. लुकासच्या पद्धतीत तारांच्या रंगांना व्याकरण होते. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी म्हणजे इग्निशनची, हिरवी म्हणजे इग्निशनमागून फ्यूजमधून येणारी, निळी मोठ्या दिव्यांची, लाल बाजूच्या दिव्यांची, काळी सांगाड्याची. घाईत हाताला लागेल त्या रंगाची तार ओढून काम भागविणारा वायरमन आज गाडी चालू करून देतो. पण दहा वर्षांनी ती उघडणाऱ्याच्या हाती तो अशुद्ध मजकूर ठेवून जातो. विलायतेत जुन्या गाड्यांसाठी आत आधुनिक आवरण आणि बाहेर जुन्या रंगांची सुती वीण असलेल्या तारांचे जुडगे करून मिळतात. रूप जुने आणि शरीर नवे, हा मार्ग आपल्याकडील कारागिरांनाही अशक्य नाही.

त्रिमिती छपाईने हे सारे प्रश्न मिटतील, असा एक नवा समज आहे. दिव्याची खोबण वा बटणाची टोपी यंत्रावर छापता येते, हे खरे. परंतु छपाईत सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सियसला मऊ पडते. इंजिनाशेजारी ते टिकणार नाही. छापलेल्या थरांमधील सूक्ष्म फटी हजारो व्होल्टांना वाट देऊ शकतात, ही अडचण निराळीच. या यंत्राचा खरा उपयोग साचा करण्यासाठी. भाग मात्र योग्य द्रव्याचाच ओतला पाहिजे.

यावर अस्सलपणाचे कैवारी आक्षेप घेतात, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. लुकासच्या भागांवर महिना-वर्षाचा ठसा असे. तो काढून टाकला की गाडीच्या जन्मकाळाचा एक पुरावा नाहीसा होतो. पण यावर उत्तर आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरीन सनदेत बदललेल्या भागांवर सहज ओळखता येईल अशी कायम खूण असावी, असे तत्त्व मांडले आहे. काढलेला मूळ भाग चिठ्ठी लावून गाडीबरोबरच जपून ठेवावा. पुरावाही राहतो आणि गाडीही पेटत नाही. आपल्याकडे २०२१ साली झालेल्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना वेगळ्या नोंदणीची सोय केली. त्यांत मूळ स्वरूपाचा आग्रह आहे, पण भर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतील फेरफारांवर आहे. सुरक्षित तारेला त्या आग्रहाची भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही.

खरी उणीव भागांची नाही, माहितीची आहे. अँबॅसडर हे नाव २०१७ साली ८० कोटी रुपयांना विकले गेले. नावाला ८० कोटी देणारा मिळाला. त्या गाडीच्या रोटरचे माप, कॅपच्या कड्याचा व्यास, स्विचच्या टोकांचा क्रम जपणारा मात्र कोणी नेमलेला नाही. ही माहिती आज वयस्क कारागिरांच्या बोटांत आणि तेलकट वह्यांत आहे, आणि दरवर्षी ती थोडी थोडी नाहीशी होत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांनी हे काम विद्यार्थ्यांवर सोपविले तर एका भागाचे मोजमाप, आरेखन आणि द्रव्याची नोंद हा एका सत्राचा उत्तम अभ्यास होईल. त्यातून शिकणाऱ्याला विद्या मिळेल आणि लहान कारखानदाराला शंभर-दोनशे कॅप ओतण्याइतका भरवसा.

ज्या देशाने परदेशी आराखड्यांवरून मोटारी बांधायला शिकताना कष्ट उपसले, त्याने त्या मोटारी केवळ रंगवून मिरवणुकीत फिरवाव्यात आणि त्यांच्या आतील विद्या विसरून जावी, हे शोभणारे नाही. तडकलेल्या कॅपच्या जागी नवी कॅप बसविता येते. ती कशी करावयाची हे सांगणारा शेवटचा माणूस गेला, तर त्याच्या जागी बसविण्याजोगे काहीही कोणत्याही बाजारात मिळणार नाही.