नावा आणि गाउँपालिका

नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यात, सगरमाथ्याच्या पायथ्याशी, खुंबू पासाङल्हामु ही गाउँपालिका, म्हणजे ग्रामीण पालिका, आहे. १९९३ साली सगरमाथ्याच्या शिखरावर पोहोचलेल्या पहिल्या नेपाळी स्त्रीचे नाव तिला दिलेले आहे. येथील शेर्पा समाजाला स्वशासन अपरिचित नव्हते. उभ्या पिकापासून गुरे केव्हा दूर न्यावीत, हे गावानेच नेमलेले ‘नावा’ ठरवीत. वनरक्षणाकरिताही असे अधिकारी असत. १९५७ साली वनांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि वनरक्षक नावांचा अधिकार ओसरला. पुढे २००२ ते २०१७ या काळात तर देशभर लोकनियुक्त स्थानिक संस्थाच उरल्या नाहीत.

२०१५ च्या संविधानाने ही उणीव भरून काढली. आज देशात ४६० गाउँपालिका आहेत. प्रत्येक प्रभागातून एक अध्यक्ष व चार सदस्य निवडले जातात. सदस्यांपैकी दोन स्त्रिया असतात व त्यांतील एक जागा दलित स्त्रीसाठी राखीव असते. कुरण, चारा, पाटपाणी व पिकांची नासाडी यांवरून होणारे तंटे उपाध्यक्षांच्या न्यायिक समितीपुढे येतात. नावांसमोरचे काही प्रश्न असे कायद्याच्या वाटेने गावात परतले आहेत. मात्र नावांचा शब्द शेजाऱ्यांच्या संमतीवर चाले; ती संमती कायद्याने मिळत नाही, ती गाउँपालिकेला स्वतःच मिळवावी लागते.