यादीवर सही कुणाची? (लेखांक ७)

संकेतस्थळं बंद पाडणारा डीडॉस हल्ला आतून कसा चालतो ते आज सांगणार होतो. पण साताऱ्याहून एका निवृत्त तलाठ्यांचं पत्र आलं आणि बेत बदलला. अनॉनिमस म्हणवणाऱ्या या निनावी हॅकरांना पुढारी नाही, कचेरी नाही, सभासदत्वाची पावती नाही. मग उद्या त्यांनी भलत्यालाच अतिरेकी ठरवलं तर त्यानं दाद कुणाकडे मागायची, असं ते विचारतात. जन्मभर सातबाऱ्यावर सह्या केलेल्या माणसालाच सुचावा असा हा प्रश्न. माझाही तो जुना लाडका विषय आहे.

पॅरिसवरच्या हल्ल्यांनंतर अनॉनिमसनं आयसिसविरुद्ध युद्ध पुकारलं, तो मुखवटेवाला व्हिडिओ गेल्या वेळी झाला. त्यापुढच्या ‘युद्धा’त हॅकिंग थोडं आणि याद्याच फार होत्या. आयसिसची वाटतील ती ट्विटर खाती हुडकायची, पेस्टबिन या कुणालाही मजकूर टाकता येणाऱ्या संकेतस्थळावर टाकायची आणि जगभरच्या लोकांनी ट्विटरकडे तक्रारींचा पाऊस पाडायचा. काम अगदीच फुकट नव्हतं. ब्रुकिंग्जच्या अभ्यासकांनी २०१४च्या अखेरीस आयसिस समर्थकांची किमान ४६,००० ट्विटर खाती असल्याचा अंदाज बांधला होता, आणि तेव्हा कंपनी जरा झोपेतच होती.

पण यादीत कुणीही भर घालू शकत होतं, आणि घातलीही. नोव्हेंबर २०१५मध्ये फिरलेल्या एका यादीत बराक ओबामा, व्हाइट हाउस, बीबीसी आणि न्यूयॉर्क टाइम्स यांची खाती निघाली! हा कुणाचा तरी खोडसाळपणा म्हणून सोडून देता येईल. पण या याद्या आम्ही वापरतच नाही, त्या चुकांनी भरलेल्या आहेत, त्यांत पत्रकार आणि प्राध्यापकच फार आहेत, असं खुद्द ट्विटरनं सांगितलं. ते साहजिक आहे. आयसिसचे शब्द रोज कोण उद्धृत करतं? तिचे समर्थक, आणि तिचा अभ्यास करणारे. नुसते शब्द चाळले की दोघेही एकाच जाळ्यात सापडतात.

सहीनिशी माणूस ओळखणं कसं असतं, त्यासाठी बंगळुरूचा दाखला द्यायला हवा. ‘शामी विटनेस’ हे आयसिसची इंग्रजीतून तळी उचलणारं गाजलेलं खातं. फॉलोअर १७,००० हून जास्त. ते चालवणारा तरुण बंगळुरूत नोकरी करतो, हे डिसेंबर २०१४मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरनं शोधून काढलं. वार्ताहर त्याच्याशी बोलले, आणि त्याचं पूर्ण नाव त्यांनी सुरुवातीला दिलंही नाही. बातमी चुकली असती तर कोर्टात खेचायला एक वाहिनी होती. तलाठीसाहेब म्हणतात ती सही ती हीच.

सही नसली की काय होतं, ते त्याच वर्षी अमेरिकेतल्या फर्ग्युसनमध्ये दिसलं होतं. ९ ऑगस्टला मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीनं मेला. पोलीस खातं नाव सांगेना, लोक खवळलेले. अनॉनिमसच्या चॅट खोलीत काहींना वाटलं, तो पोलीस आपल्याला सापडलाय. दुसरे आर्जवं करत होते की पुरावा कच्चा आहे, थांबा. नेता असता तर त्यानं टेबलावर हात आपटला असता. इथे हात आपटायला कुणी नाही आणि ट्विटर खात्याची किल्ली एकाकडे. त्यानं नाव फोडलं. तो माणूस फर्ग्युसनच्या पोलीस दलात नव्हताच. गोळीबाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ट्विटरनं ते खातं बंद केलं, पण नाव जगभर झालं ते झालंच.

पुढच्या वर्षी कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या सभासदांची नावं उघड करायचं ठरलं, तेव्हा हा चटका काहींच्या लक्षात असावा. मोहीम चालवणाऱ्यांनी ५ नोव्हेंबर २०१५ ही तारीख जाहीर केली होती. त्याआधीच कुणीतरी चार सिनेटर आणि पाच महापौर क्लानचे आहेत, अशी यादी सोडून दिली. त्यांत केंटकीतल्या लेक्सिंग्टनचे महापौर जिम ग्रे होते. हे उघडपणे समलिंगी, आणि क्लान समलिंगींना पाण्यात पाहणारी! मूळ मोहिमेच्या खात्यानं लगेच हात झटकले: ही आमची यादी नव्हे, आम्ही खातरजमा केल्याशिवाय नावं देत नाही. ठरल्या दिवशी साडेतीनशेच्या आसपास नावं आली. त्यांतली बरीचशी आधीच उघड होती, त्यामुळे वर्तमानपत्रांचा हिरमोड झाला. मला मात्र हीच यादी जास्त आवडते. नवं काही नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांना पडताळणीचे कष्ट ठाऊक नसतात.

तेव्हा साहेब, दाद मागायला कुणीच नाही, हे तुमचं खरंच. फार तर त्याच गर्दीतला दुसरा कुणी उठून ‘हे आमचं नव्हे’ म्हणेल. म्हणून माझं मत असं की, बिननायकाच्या फौजेनं माणसं ओळखायच्या भानगडीत पडू नये, टिंगल करावी. २०१५च्या नोव्हेंबरातच फोरचॅन या निनावी चर्चास्थळावरच्या टवाळांनी आयसिसच्या लढवय्यांच्या मुंडक्यांच्या जागी पिवळी रबरी बदकं चिकटवली आणि बंदुकांच्या जागी संडासचे ब्रश दिले. बदक चुकलं तर कुणाची नोकरी जात नाही, कुणाच्या घरावर दगड येत नाहीत.

‘आम्ही सही करू’ म्हणणारेही अनॉनिमसवाल्यांत निघाले. आयसिसची खाती हुडकणाऱ्या घोस्टसेकमधला एक गट त्याच महिन्यात मुखवटा उतरवून घोस्ट सिक्युरिटी ग्रुप झाला आणि सरकारी यंत्रणांना माहिती पुरवू लागला. उरलेल्यांना ती गद्दारी वाटली. ते भांडण पुढच्या आठवड्यात घेऊ. डीडॉसवाल्यांनी अजून थोडा धीर धरावा.