शिरढोणचा फडके वाडा

पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याने कर्नाळ्याकडे निघालात की वाटेत शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला, एवढे आपण शाळेत शिकलो. पण क्रांतिकारकाचा होण्याआधी हा वाडा अधिकार गेलेल्या एका कुटुंबाचा होता, हे फारसे कोणी सांगत नाही. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि किल्लेदारी संपली. नातू पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला.

आई अत्यवस्थ असल्याचे कळूनही त्याला वेळेवर रजा मिळाली नाही. तो पोचला तेव्हा आई गेली होती. कामगारांत वावरलेल्या माझ्यासारख्याला या घराच्या उंबरठ्यावर आधी तो रजेचा अर्जच आठवतो. पुढे दुष्काळ आला, रामोशी-कोळ्यांना घेऊन बंड झाले. मे १८७९ मध्ये दौलतराव नाइकांनी छापा घातला, तोही शेजारच्या पळस्प्यावर. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वासुदेव एडनच्या तुरुंगात वारले.

वाडा आज राज्याचे संरक्षित स्मारक आहे. पण संरक्षण म्हणजे नुसती पाटी नव्हे. कोकणातल्या जुन्या घराचा खरा वैरी पाऊस. एक कौल सरकले की पाणी वाशात मुरते, वाशातून खांबात उतरते आणि खांब आतून कुजतो. बाहेरून रंग मात्र शाबूत! म्हणून दरवर्षी शाकारणी करीत. घरात माणसे राहत होती तोवर ते आपोआप होई. आता त्यासाठी मंजुरी लागते, आणि पाऊस मंजुरीसाठी थांबत नाही.

दुसरी गोष्ट चुन्याची. माती-चुन्याची भिंत ओल शोषते आणि वाळताना बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, भिंत फुगते, पोपडे सुटतात. चुना विझवून, भिजत ठेवून, घाणीत मळून घ्यावा लागतो. हे जाणणारा गवंडी साध्या बिगाऱ्याच्या रोजावर का येईल? सर्वांत कमी रकमेची निविदा स्वीकारायची म्हटले की पहिली काटछाट त्याच्याच मजुरीत होते. त्याचा मुलगा मग सिमेंटच्या कामावर जातो. दगड-लाकूड पुन्हा आणता येते, तो हात आणता येत नाही.

१९७० साली सिडको आली. आपल्या गावांच्या जमिनी गेल्या, नवे शहर उभे राहिले आणि कौलारू घरांच्या जागी स्लॅबच्या इमारती आल्या. निदान शिरढोणच्या कामावर दोन-चार तरुण गवंडी चांगल्या रोजावर शिकाऊ म्हणून घ्यावेत, अशी मागणी आपण करू शकतो. मृग ७-८ जूनला लागतो. शाकारणी त्याआधी व्हायला हवी.