विश्लेषण : ७० हजारांत पहिला गेमिंग पीसी... पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?

पहिला पगार, दिवाळीचा बोनस किंवा बारावीचा निकाल... निमित्त कोणतेही असो, पहिला गेमिंग पीसी घ्यायचा म्हटले की ६० ते ८० हजारांचा प्रश्न उभा राहतो. मोबाइलसारखी ही एकसंध वस्तू नाही. सात-आठ सुटे भाग जुळवून पीसी उभा राहतो आणि त्यातला एक चुकला तरी बाकीच्यांवरचा खर्च वाया जातो. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे दर कडाडल्याने जुनी गणितेही बिघडली आहेत. अशा वेळी हिशेब कसा मांडावा?

सुरुवात कुठून करायची?

पीसीपासून नव्हे, तर गेम आणि मॉनिटरपासून. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर स्ट्राइक २’सारखे स्पर्धात्मक गेम प्रोसेसरवर जास्त भार टाकतात, तर ‘सायबरपंक २०७७’सारखे भव्य गेम ग्राफिक्स कार्डाची कसोटी पाहतात. मॉनिटरचे रिझोल्युशनही तितकेच महत्त्वाचे. १०८०पी मॉनिटरवर एका चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी कार्डाला जवळपास ७८ टक्के जास्त पिक्सेल रंगवावे लागतात. मध्यम बजेटमध्ये १०८०पी आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक रिफ्रेश रेटचा मॉनिटर हा व्यवहार्य मेळ आहे.

ठरवलेल्या रकमेत मॉनिटर, की-बोर्ड, माउस, यूपीएस आणि विंडोजचा परवाना धरला आहे का, हेही आधीच स्पष्ट हवे. अनेकांचे बजेट नेमके इथेच कोलमडते.

७० हजारांची विभागणी कशी करावी?

फक्त कॅबिनेटमधल्या भागांसाठी ७० हजार असतील, तर ढोबळ मांडणी अशी : ग्राफिक्स कार्डाला २५ ते २८ हजार, प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून १९ ते २१ हजार, रॅम व एसएसडीला १३ ते १५ हजार आणि एसएमपीएस व कॅबिनेटला ७ ते ८ हजार. दर रोज बदलतात, पण हे प्रमाण उपयोगी पडते. ‘आय ७, १६ जीबी’ अशा जाहिरातीच्या तयार पीसीमध्ये बहुतेकदा याच्या उलट असते. प्रोसेसरचे नाव मोठे, ग्राफिक्स कार्ड मात्र जुने किंवा दुबळे. पाचसहा रंगीत दिव्यांच्या पंख्यांनी गेमचा वेग एका फ्रेमनेही वाढत नाही.

ग्राफिक्स कार्ड निवडताना काय पाहावे?

कार्डाची पिढी आणि त्याची स्वतःची मेमरी म्हणजे व्हीरॅम. २०२५ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी व्हीरॅम आहे. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळते, तर इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे. १०८०पीसाठी ८ जीबीत आज भागते, मात्र काही नव्या गेममध्ये टेक्श्चर ‘अल्ट्रा’वर ठेवले की ती अपुरी पडते. चार-पाच वर्षे वापर करायचा असेल, तर जास्त व्हीरॅमसाठी थोडे वाढीव पैसे मोजणे परवडते. बी५८० घेताना एक पथ्य : जुन्या प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी घसरते.

प्रोसेसर आणि मदरबोर्डचे काय?

सहा कोअरचा प्रोसेसर या बजेटला पुरेसा आहे. खरा प्रश्न सॉकेटचा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर रायझन ५ ५६०० आणि डीडीआर४ रॅम चालते. त्यात सुरुवातीचा खर्च कमी, पण पुढची वाट बंद. एएम५ वर डीडीआर५ लागते, मात्र हा सॉकेट किमान २०२७ पर्यंत चालू ठेवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे तीन वर्षांनी मदरबोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवता येईल. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते. कार्ड बिघडले तर दुरुस्तीच्या काळात स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

रॅम महाग का झाली?

जगातील बहुतांश डीरॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआय डेटा सेंटरसाठीच्या मेमरीला प्रचंड मागणी आणि चांगला नफा असल्याने उत्पादनक्षमता तिकडे वळली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या ग्राहक ब्रँडचा व्यवसायच थांबवण्याची घोषणा केली. परिणामी महिन्यापूर्वीच्या व्हिडिओतली किंमत आज लागू पडेलच असे नाही.

१६ जीबी रॅम ही आजची किमान गरज आहे. ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण दोन पट्ट्या एकत्र चालल्या की मेमरीचा मार्ग रुंदावतो. साठवणुकीसाठी एनव्हीएमई एसएसडीच हवी. हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला साधारण १५० एमबी, साटा एसएसडीचा ५५० आणि जेन ३ एनव्हीएमईचा सुमारे ३,५०० एमबी असतो. बजेट ताणले गेलेच, तर आधी ५०० जीबी घेऊन दुसरी एसएसडी पुढे जोडता येते.

एसएमपीएसवर बचत का नको?

कारण सगळ्या भागांना वीज तोच पुरवतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा एसएमपीएस बिघडला, तर सोबत मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डही नेऊ शकतो. आरटीएक्स ५०६० ची वीजमर्यादा १४५ वॅट आहे. मध्यम प्रोसेसरसह संपूर्ण पीसी गेम खेळताना ३०० वॅटच्या आसपास राहतो, त्यामुळे नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का विजेच्या काटकसरीचा आहे, सुरक्षिततेचा नाही. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षेही पाहावीत.

वीज वारंवार जाणाऱ्या गावांत यूपीएस हवाच. मात्र ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. असा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो आणि त्यावर मॉनिटरही चालवायचा असतो. विजेच्या बिलाचा हिशेब सोपा आहे : ३०० वॅटने रोज चार तास खेळल्यास महिन्याला ३६ युनिट.

जुने कार्ड घ्यावे का?

स्वस्त पडते, पण जोखीम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे ग्राफिक्स कार्डवरील मायनिंग थांबले आणि महिनोन्महिने अहोरात्र राबलेली कार्डे बाजारात आली. शिवाय ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’, ‘डूम : द डार्क एजेस’ यांसारख्या गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग सक्तीचे आहे. जीटीएक्स १६६० किंवा आरएक्स ५८० त्यासाठी पात्रच ठरत नाहीत. जुने कार्ड घ्यायचेच असेल, तर डोळ्यांसमोर अर्धा तास गेम चालवून पाहावे आणि मूळ बिल मागावे.

बिलाशिवाय स्वस्त मिळत असेल तर?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, घासाघीस चालतेच. ऑनलाइन दर हाताशी ठेवून ती जरूर करावी. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ७० हजारांच्या बिलात सुमारे १०,६७८ रुपये कराचे असतात. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य म्हणूनच मोहात पाडते. पण दोन वर्षांनी कार्ड बंद पडल्यावर वॉरंटीसाठी बिलच लागते. बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. प्रोसेसर ‘बॉक्स्ड’ आहे की ‘ट्रे’, हेही विचारावे. बॉक्स्ड प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेवर मात्र बहुतेकदा दुकानदाराचा शब्द तेवढा असतो.

जोडणीनंतर काय तपासावे?

चांगला पीसीही चुकीच्या सेटिंगमुळे मंद वाटतो. घरी आणल्याच्या दिवशीच पुढील गोष्टी तपासाव्यात :

- मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडलेली असावी.
- विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडावे, अनेकदा ते ६० वरच राहते.
- बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावे, अन्यथा रॅम कमी वेगाने चालते.
- दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात, चार खाचांचा बोर्ड असेल तर.
- टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू ठेवावे. विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ त्याशिवाय चालत नाही.
- तासभर गेम खेळून तापमान पाहावे आणि सर्व खोकी जपून ठेवावीत.

मग आता घ्यावा की थांबावे?

काम किंवा अभ्यासासाठी पीसी लगेच हवा असेल, तर रॅम उतरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ती कधी उतरेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. रक्कम कमी पडत असेल, तर अंतर्गत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ८६००जीसारखा प्रोसेसर घेऊन हलके गेम खेळावेत आणि कार्ड पुढच्या टप्प्यात घ्यावे. अशा वेळी एसएमपीएस मात्र पहिल्याच दिवशी भावी कार्डाच्या हिशेबाने घ्यावा. टप्प्याटप्प्याने वाढवता येणे, हाच तर लॅपटॉपच्या तुलनेत असेंबल्ड पीसीचा मोठा फायदा आहे.