गाठ, अनुमान आणि एका डॉक्टरची चाळीस वर्षं

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातले हेत्वाभास पाहिले. तेव्हा एका तरुण श्रोत्यानं मला विचारलं होतं, "सर, डोंगरावरचा धूर आणि अग्नी हे सगळं ठीक आहे, पण याचा आमच्या जगण्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त होता. मी तेव्हा उत्तर टाळलं, कारण ते सांगायचं तर घरातली गोष्ट सांगावी लागते. आज सांगतो.

१९८६ ची गोष्ट. माझा धाकटा भाऊ इथं दारव्ह्यातच राहायचा, एकतीस वर्षांचा होता. त्याच्या मानेवर डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी ताप यायचा, रात्री घामानं अंगरखा भिजायचा, वजन उतरलं होतं. आई म्हणाली, "गंडमाय हाय बाप्पा, दुसरं काय!" डॉक्टरही तेच म्हणाले. गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय. गाठीचा तुकडा काढून तपासावा असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. क्षयाच्या सुया आणि गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत ताप उतरला. आम्ही पेढे वाटले. महिन्याभरानं ताप परत आला, मग पुन्हा गेला, पुन्हा आला. असे सहा महिने गेले. शेवटी नागपूरला गाठ काढून तपासली आणि अहवालात शब्द आला, लिम्फोमा. हॉजकिन लिम्फोमा.

आता हा लिम्फोमा म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपल्या रक्ताचा कारखाना हाडांच्या पोकळीत असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तिथं तांबड्या पेशी होतात, पांढऱ्या होतात, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका होतात. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनची घडण जन्मतःच चुकली की सिकलसेल होतो, तो आपल्या विदर्भाला नवा नाही. पांढऱ्या पेशींतला एक प्रकार म्हणजे लिम्फोसाइट. या शरीराच्या पहारेकरी. मान, काख, जांघ इथल्या लसीकाग्रंथी म्हणजे त्यांच्या चौक्या. जंतू आला की चौकीत गर्दी होते, गाठ सुजते. ते चांगलंच लक्षण, पहारा चालू आहे असा त्याचा अर्थ. पण कधी कधी एखाद्या लिम्फोसाइटच्या आतला हुकूमनामा बिघडतो. ती थांबायचं विसरते, आपल्यासारख्याच पेशी वाढवत सुटते. बाहेरून गाठ तशीच दिसते, आत मात्र पहारेकरीच फितूर झालेला असतो. हा लिम्फोमा. असाच बिघाड मज्जेत सुरू होऊन रक्तात पसरला की ल्युकेमिया.

लंडनच्या थॉमस हॉजकिननं १८३२ मध्ये अशा काही रुग्णांचं वर्णन केलं. पुढे १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्गनं या गाठींतल्या विशिष्ट मोठ्या पेशींचं वर्णन केलं, पण तो स्वतः याला क्षयाचाच एक वेगळा प्रकार समजत होता. १९०२ मध्ये डोरोथी रीड या तरुण संशोधक बाईंनी दाखवून दिलं की हा रोग वेगळा आहे. म्हणजे पाहा, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसत असतानाही एवढा मोठा माणूस चुकला. तेव्हा माझ्या आईला किंवा त्या डॉक्टरांना मी काय बोल लावणार?

पण चूक कुठं झाली, हे मात्र तपासायला हवं. न्यायशास्त्र सांगतं, हेतू आणि साध्य यांच्यात व्याप्ती हवी. जिथं जिथं धूर, तिथं तिथं अग्नी. उलट चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. आता आमचं अनुमान पाहा. याला क्षय आहे, कारण गाठ आहे, ताप आहे, घाम आहे. पण गाठ, ताप, घाम आणि वजन घटणं ही चारही लक्षणं लिम्फोमातही असतात. जो हेतू साध्य असताना सापडतो आणि नसतानाही सापडतो, त्याला सव्यभिचार म्हणतात. हा हेत्वाभासातला पहिलाच प्रकार. मी तो सकाळी वर्गात फळ्यावर लिहून शिकवत होतो आणि संध्याकाळी घरी भावाच्या खाटेशी बसत होतो. दोहोंचा संबंध मला दिसला नाही.

आणि तो उतरलेला ताप? हॉजकिनमध्ये काही रुग्णांना ताप काही दिवस येतो, आपोआप जातो, पुन्हा येतो. तो जायची वेळ आणि आमची औषधं सुरू व्हायची वेळ एक आली. कावळा बसला आणि फांदी मोडली. काकतालीय न्यायाचं याहून महाग उदाहरण मी पाहिलेलं नाही.

अशा वेळी एकच उपाय उरतो, अनुमानाला प्रत्यक्षाची जोड देणं. बायोप्सी म्हणजे दुसरं काय आहे? गाठ काढायची, तिचे पातळ काप करायचे आणि डोळ्यांनी पाहायचं.

इथवर एका रुग्णाबद्दल बोललो. पण निदान बरोबर झालं तरी पुढचा प्रश्न असतोच, कोणतं औषध खरंच काम करतं हे कळायचं कसं? एक बरा झाला तर तो औषधानं झाला की योगायोगानं? इथं मला डॉ. सुरेश अडवाणी यांच्या कामाबद्दल सांगायचं आहे. त्यांचा जन्म १९४७ चा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब इकडे आलं. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि आयुष्य व्हीलचेअरवर आलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनं याच कारणासाठी आधी प्रवेश नाकारला होता, त्यांनी पाठपुरावा करून तो मिळवला. पुढे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रक्ताचे आणि लसीकाग्रंथींचे कर्करोग हेच त्यांचं क्षेत्र झालं.

अमेरिकेत सिॲटलला डॉनल टॉमस यांच्या केंद्रात त्यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकून घेतलं. या टॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. मार्च १९८३ मध्ये टाटा रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. भारतातलं हे पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मानलं जातं. भावाचीच का? पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्यांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाहेरच्या माणसाशी ती फारच कमी.

ही गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम दुसरंच आहे, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा मुलांमधला नेहमीचा रक्ताचा कर्करोग. त्या काळी आपल्याकडे पाचातलं एखादंच मूल त्यातून वाचायचं. १९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयान मॅग्रथ, मुंबईचं टाटा, चेन्नईची डॉ. शांता यांची कर्करोग संस्था आणि दिल्लीचं एम्स एकत्र आले. आपल्या रुग्णालयांना झेपेल अशी एक ठरीव उपचारपद्धती त्यांनी आखली. तिचं नाव एमसीपी-८४१. कोणत्या दिवशी कोणतं औषध, किती, हे तिन्ही ठिकाणी सारखंच. त्यातलं एक औषध व्हिन्क्रिस्टीन. ते मिळतं सदाफुलीपासून, तीच ती, आपल्या अंगणातली.

यात विशेष काय, असं वाटेल. विशेष हे की प्रत्येक डॉक्टरनं आपापल्या मतानं औषध दिलं, तर शंभर रुग्णांच्या शंभर कथा होतात, ज्ञान होत नाही. उपचार सारखा ठेवला तरच फरक कशामुळे पडला ते विचारता येतं. आणि मोजताना सगळ्यांना मोजावं लागतं. जे बरे झाले ते तर मोजायचेच, जे जंतुसंसर्गानं गेले तेही. जे पैसे संपले म्हणून उपचार अर्धवट टाकून गावी परतले, त्यांचाही हिशेब ठेवायचा. आपल्या देशात कर्करोगानं मरणं आणि उपचार न झेपल्यानं मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवर औषधाच्या कंपनीकडे उत्तर नसतं. त्या पद्धतीनं मुलांचं जगण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. औषधं नवी नव्हती, शिस्त नवी होती. अडवाणींना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

ही वाट पुढेही चालू आहे. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना फितूर पेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायच्या, ही कार-टी पद्धत मुंबईच्या आयआयटीनं आणि टाटानं मिळून विकसित केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मंजुरी मिळाली. काही ल्युकेमिया आणि लिम्फोमांसाठी ती वापरतात.

माझ्या भावाचं काय झालं, हे तुमच्या चेहऱ्यांवर मला दिसतंय. मोतीबागेहून शकुंतलेनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई, अशा आमच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. उपचारांनी तो सुधारला. दीड वर्षानं रोग उलटला आणि १९८८ च्या पावसाळ्यात तो गेला. ते सहा महिने वाया गेले नसते तर तो वाचला असता का? मला विचाराल तर मी "हो" म्हणणार नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल खात्रीनं बोलणं हाही एक हेत्वाभासच. पण त्याची संधी आम्ही कमी केली, एवढं म्हणायला पुरावा पुरेसा आहे.

म्हणून जाता जाता तीन गोष्टी. मानेत आलेली प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. दात, घसा, डोक्यातल्या उवा, कशानंही गाठ येते आणि बहुतेक वेळा जाते. क्षयही आपल्याकडे खूप आहे, त्यामुळे डॉक्टरांनी सुरू केलेली औषधं आपल्या मनानं बंद करू नका. पण गाठ काही आठवडे राहिली, वाढत गेली, तर हात जोडून एवढंच विचारा, "डॉक्टरसाहेब, हे क्षय असल्याचं आपण तपासून पाहिलंय, की अंदाज आहे?" अंदाज असेल तर तुकडा तपासायला सांगा. नुसत्या सुईच्या तपासणीत लिम्फोमा कधी कधी सुटतो, पूर्ण गाठ काढून तपासणं जास्त खात्रीचं. आणि तपासणीआधी स्टेरॉइड दिलेलं असेल तर ते नक्की सांगा. त्यानं गाठ काही काळ विरते आणि चित्र पुसट होतं.

आज हॉजकिनचे बहुसंख्य रुग्ण योग्य उपचारांनी बरे होतात. तो तरुण श्रोता आज आलाय का, ठाऊक नाही. आला असेल तर त्याला सांगतो, धुराचा आणि अग्नीचा आपल्या जगण्याशी संबंध आहे. मला तो उशिरा कळला. तुम्हाला वेळेवर कळावा म्हणून हे बोललो.