विश्लेषण : द्राक्षाच्या घडाचे भवितव्य मे महिन्यातच कसे ठरते?

ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या तोंडावर द्राक्ष बागायतदार बागेतील काही काड्या कापून तपासणीसाठी प्रयोगशाळेत नेतात. तिथे काडीवरचा एकेक डोळा पात्याने चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. बाहेरून सगळे डोळे सारखेच. आत मात्र एकात सूक्ष्म घड तयार असतो, तर शेजारच्यात नुसती बाळी. घड चौथ्या डोळ्यात आहे की सातव्या, यावर छाटणी कुठे घ्यायची ते ठरते. लोणी काळभोरहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे येताना मांजरी लागते. तिथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. घड इतका आधी ठरतो कसा आणि ठरलेला घड फुलोऱ्यापर्यंत टिकत का नाही, हे दोन प्रश्न द्राक्षशेतीच्या मुळाशी आहेत.

घड की बाळी?

वेलीला आधार देणारी बाळी आणि फुलांचा घड ही सख्खी भावंडे आहेत. डोळ्यात आधी एक इवलीशी गाठ तयार होते आणि तिचे पुढे काय व्हायचे, हे सुरुवातीला ठरलेले नसते. सायटोकायनिन या संजीवकाचे पारडे जड झाले तर गाठीला फाटे फुटत जातात आणि घड होतो. जिबरेलिन वरचढ ठरले तर तीच गाठ बाळी होऊन लांबते. बागेत कधी कधी बाळीच्या टोकाला दोन-चार मणी लटकलेले दिसतात, ते या अर्धवट निर्णयामुळेच. ऑस्ट्रेलियातील पॉल बॉस आणि मार्क थॉमस या संशोधकांनी २००२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एका बुटक्या द्राक्षवेलीची माहिती प्रसिद्ध केली. या वेलीवर जिबरेलिनचा परिणाम होत नव्हता आणि तिच्यावर बाळीच्या जागी घड येत होते. गंमत म्हणजे घडाची लांबी वाढावी म्हणून फुलोऱ्याआधी बागेत जीए फवारले जाते, तेही जिबरेलिनच. एकदा घड तयार झाला की ते उपयोगी पडते; डोळ्यात असताना मात्र घातक.

मे महिनाच का?

महाराष्ट्रात द्राक्षवेलीच्या छाटण्या दोन आणि पीक एक. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळासाठी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. १५ एप्रिलला छाटलेल्या बागेत हा काळ २५ मे ते २४ जून असा येतो. त्या दिवसांत डोळ्यांवर भरपूर ऊन पडायला हवे आणि शेंड्याची वाढ आटोक्यात हवी. म्हणून पाणी व नत्र कमी केले जाते, शेंडा मारला जातो, गर्दीच्या फुटी काढल्या जातात.

आभाळ भरून आले की हे गणित बिघडते. प्रकाश घटतो, जमिनीतल्या ओलाव्यावर शेंडे धावू लागतात, वेलीत जिबरेलिन वाढते आणि गाठ बाळीकडे झुकते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुणे-मुंबईत पोहोचला. त्याआधीही राज्यात पूर्वमोसमी पाऊस झाला होता. म्हणजे एरवी ज्या दिवसांत बागेला कडक ऊन मिळते, नेमके तेच दिवस ढगाळ गेले. असे नुकसान त्या वेळी दिसत नाही. पाने हिरवीगार, वाढ जोमदार. पाहणाऱ्याला बाग छानच वाटते.

वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत सीसीसी, फवारण्याची पद्धत रूढ होती. फवारणी काडीच्या काळात, म्हणजे फळ येण्याच्या कितीतरी आधी होते, त्यामुळे त्याचे अंश मण्यात राहतील अशी शंका फारशी कुणी घेतली नव्हती. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत ते सापडले. माल अडकला आणि बागायतदार व निर्यातदारांना मोठा फटका बसला.

मग केवडा कुठे येतो?

केवडा, म्हणजेच डाऊनी मिल्ड्यू, हा घडाचा दुसरा शत्रू. त्याला बुरशी म्हटले जात असले, तरी शास्त्रीयदृष्ट्या हा जीव पाण्यातल्या शैवालांच्या जवळचा. त्याचे बीजाणू ओल्या पानावर अक्षरशः पोहतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. फळछाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून मणी धरेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. या काळात कोवळ्या घडावरही अशी रंध्रे उघडी असतात. पाऊस किंवा दाट दव पडले की घड आकड्यासारखा वळतो, तपकिरी पडतो, दमट सकाळी त्यावर पांढरी लव दिसते आणि अखेर तो सुकून गळतो. मणी वाढू लागले की ही रंध्रे बंद होत जातात आणि धोका बराच ओसरतो.

केवड्याचा आणखी एक घाव उशिरा कळतो. पावसाळ्यात पानांवर रोग आला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पानगळ झाली, तर काडीत अन्नसाठा राहत नाही. मग छाटणीनंतर फुटीबरोबर बाहेर आलेला अशक्त घड जागीच जिरतो. बागायतदार दोष ऑक्टोबरच्या हवामानाला देतात, पण मूळ दुखणे पावसाळ्यातले असते.

उपाय काय?

फ्रान्समध्ये चोरांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. त्या वेली केवड्यापासून वाचल्याचे मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. त्यातून १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण आले आणि आजही ते वापरले जाते. आंतरप्रवाही औषधे अधिक प्रभावी खरी, पण एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की रोग त्याला दाद देत नाही. शिवाय लागण झाल्यावर लक्षण दिसायला अनेकदा चार-पाच दिवस ते आठवडा जातो. डाग दिसल्यावर पंप काढणाऱ्याला तोवर उशीर झालेला असतो.

अलीकडे प्लास्टिक आच्छादनाकडे ओढा आहे. पान कोरडे राहिले की केवड्याला वाट मिळत नाही. मात्र पाणी नसले तरी भुरी वाढते, त्यामुळे आच्छादनाखाली तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. आणि जे प्लास्टिक ऑक्टोबरमध्ये घड वाचवते, तेच मे-जूनमध्ये वर राहिले तर डोळ्यावरचे ऊन अडवते. खरड छाटणीनंतर ते गुंडाळून ठेवायचे की वळवाच्या पावसासाठी राहू द्यायचे, हा हिशेब प्रत्येक बागेला वेगळा मांडावा लागतो.