गुरुकुलातले ताट

कर्नाटक सीमेलगतच्या मैंदर्गीत मुलाच्या कानी बाजारात कन्नड, शाळेत मराठी आणि मंदिरात प्राकृत पडते. तरीही व्यापारी घरांत प्रश्न जुनाच: मुलाला गल्ल्यावर बसवावे की बाहेर शिकावयास धाडावे?

याच जिल्ह्यातील करमाळ्याचे देवचंद शहा, म्हणजेच पुढे समंतभद्र महाराज, यांनी १९१८ साली कारंजा येथे आणि १९३४ साली कुंभोजजवळील बाहुबली येथे गुरुकुल उभारून शालेय व धार्मिक शिक्षण एकत्र आणले. पहाटे उठणे, देवदर्शन, अभ्यास, सूर्यास्तापूर्वी भोजन. आपले कपडे आपणच धुवावयाचे. शेटजींच्या मुलास हे व्याकरणाहून कठीण!

सुट्टीत घरी आलेला मुलगा जेवल्यावर आपले ताट स्वतः उचलतो, तेव्हा आई सुखावते. आजोबा मात्र विचारतात, ‘‘दुकानात कधी बसणार?’’